एकास पंचवीसची मस्टँग

अकोला
२० जुलै २०२५

रागिणी,

हा डबा जरा सांभाळून उघड. तुमच्या कॉलनीतल्या देवमननं रस्त्यात जेवणाचा समजून उघडला नसेल, तर यात एक इंजिन आहे.

घाबरू नको, प्लास्टिकचं आहे, मुठीत मावते. आमच्या जावयाले, मनोजरावाले, कंपनीनं अमेरिकेले पाठवलं होतं. तिथून त्यानं सासऱ्यासाठी भेट आणली. १९६८ सालच्या मस्टँग गाडीचं मॉडेल. एकास पंचवीसचं, म्हणजे खऱ्या गाडीचे पंचवीस इंच इथं एक इंच. तयार नाही येत. सुटे भाग येतात, आपणच कापायचे, घासायचे, रंगवायचे अन् चिकटवायचे. जन्मभर वीज मंडळात इंजिनिअर होतो, म्हणून त्याले वाटलं मले हे आवडीन. आवडलंच.

आता दुसरी गोष्ट. मागच्या महिन्यात प्रतीक्षा आली होती. माझी पोरगी दारात उभी राहून बेल वाजवून राहिली, अन् मी आत पेपर वाचून राहिलो. शेवटी शेजारच्या किसनरावांच्या गच्चीवरून उतरून ती मागच्या दारानं घरात आली. गॅसवर दुधाचा कोळसा झालेला, अन् मी तिले विचारतो, "कोण्या गाडीनं आली?" पोरगी रडली. म्हणे, "बाबा, तुमाले आता एकट्याले नाही ठेवत, पुण्याले चला." मी म्हटलं, "ही हातातली मस्टँग पुरी होऊ दे, मग येतो." तिनं वचन घेतलं. म्हणजे मस्टँग झाली की माझं अकोला झालं. पुणं छानच आहे म्हणा. त्यांचा आठवा मजला, वारा लय.

ऐकायचं मशीन आहे माझ्याजवळ, पण ते लावलं की डोक्यात भांडी पडतात. म्हणून ते कपाटात आहे. फोनवर तुझं निम्मं बोलणं मले कळत नाही, म्हणून पत्र. देवमन तिकडून नोकरीसाठी रोज रेल्वेनं अपडाऊन करते, त्याच्या हातून डबा येत-जात जाईन.

इंजिन तुलेच कावून पाठवलं? तुझा हात बारीक कामाचा, मिशनच्या शाळेतल्या सिस्टर लोकांनी वळवलेला. अन् तू काम निवांत करते. तुझ्या वहिनीसाठी विणायले घेतलेला स्वेटर शेवटी प्रतीक्षाले बसला, तेवढं निवांत. घाई बिलकुल नको. दिवाळीनंतर पाठव. यंदाचीच दिवाळी पाहिजे असंही काही नाही.

गजेंद्र


अमरावती
२९ जुलै २०२५

गजूदादा,

नमस्कार. डबा देवमनने उघडलाच होता. मूर्तिजापूर आलं तशी त्याला भूक लागली. शेजारच्या प्रवाशाला "घ्या, भाजी घ्या" म्हणून त्याने तो आग्रहाने पुढेही केला. त्या गृहस्थाने आत पाहिलं आणि आपला डबा मांडीवरून उचलून पलीकडे ठेवला. देवमन म्हणतो, आता रेल्वेच्या त्या डब्यात त्याला कोणी ओळख देत नाही.

स्वेटरची आठवण काढलीस ना? हे घे तुझं इंजिन, पूर्ण झालं. बोरं तोडावीत तसे ते सगळे भाग प्लास्टिकच्या फांदीवरून नखं कापायच्या कटरने तोडले. कानसायला माझी नखांची कानस. इंजिनाला निळा रंग दिला. मग पुस्तकात एका खऱ्या इंजिनाचा फोटो पाहिला, तर त्यातून वायरी निघालेल्या होत्या आणि आपलं इंजिन अगदी बोडकं. भरतकामाचा काळा रेशमी धागा घेतला आणि आठही स्पार्क प्लगना एकेक वायर जोडली. सिस्टर आम्हाला उलट्या बाजूच्या गाठी दिसल्या की टाके उसवायला लावायच्या. म्हणून खालूनही पाहा, एकही गाठ दिसणार नाही.

हे करताना एक गंमत आठवली. शाळेत परदेशातून जुनी मासिकं यायची आणि ती आम्हाला वह्यांना कव्हर घालायला मिळायची. एका पानावर अशीच लांब नाकाची गाडी होती. मी ते तुझ्या भूमितीच्या वहीला घातलं आणि वर्षभर तुझ्या वर्गातली मुलं तुझी भूमिती बघायला मागत होती. ती मस्टँग होती की दुसरी कोणती, कोण जाणे. पण आता माझ्यासाठी ती मस्टँगच.

प्रतीक्षाकडे जायचं तुझं मन झालं हे फार बरं झालं. नातवंडं तिथे, डॉक्टर तिथे. तुझं जाणं एका इंजिनापायी अडायला नको, म्हणून हातातली बाकी कामं बाजूला ठेवली. पुढचे भाग लगेच पाठव. अमरावती-अकोला अंतर ते किती, आणि मी वर्षाकाठी किती वेळा आले तुझ्याकडे? असो. पुण्यालाही गाड्या जातातच.

रागिणी


अकोला
६ ऑगस्ट २०२५

रागिणी,

इंजिन पोचलं. लवकर पोचलं.

टेबलावर ठेवून बराच वेळ मी त्याच्याकडे पाहून राहिलो. स्पार्क प्लगच्या वायरी तर खोक्यावरच्या चित्रातही नाहीत. किसनराव पाहायले आले, म्हणे, "भाऊ, आता निस्तं पेट्रोल टाकायचं राहिलं." ते हसले. मी बी हसलो.

मी इकडे सीटा बसवल्या. मागच्या दिशेनं तोंड करून बसवल्या, म्हणून त्या काढून परत बसवाव्या लागणार. वेळ लागते या कामाले. लागू दे.

आता वरची बॉडी पाठवतो, सोबत चाकं. बॉडीले पांढरा रंग द्यायचा आहे. पातळ हात दे, पुरा वाळू दे, बारीक पॉलिश पेपरनं घास, मग परत हात. पावसाळी हवेत एक हात वाळायले पंधरा दिवस तरी धर. पाच-सहा हात लागतील. माहितीच्या कागदावर दोनच हात लिहिले आहेत, पण ते अमेरिकेची हवा पाहून लिहिलं असणार.

प्रतीक्षा रोज विचारते, "बाबा, कुठपर्यंत आलं?" मी फोटो पाठवतो. इंजिनाचा पाठवला नाही अजून. राहून गेला.

गजेंद्र


अमरावती
२४ ऑगस्ट २०२५

गजूदादा,

वाईट बातमी आहे, बसून वाच.

रंगाचं काम झालं होतं. हवा दमट म्हणून प्रत्येक हात केसांच्या ड्रायरने वाळवला, त्यामुळे सगळं झटपट उरकलं. काल सकाळी शेवटचं ऊन दाखवायला म्हणून बॉडी तात्पुरती चाकांवर बसवली आणि ओट्यावर ठेवून बाजारात गेले. काल तान्हा पोळा होता, पोरं लाकडी बैल सजवून मैदानात नेतात, हे मी साफ विसरले होते.

शेजारच्या आशाबाईंच्या नातीचा लाकडी बैल ऐन वेळी माळ्यावरून पडला आणि त्याची शिंगं गेली. पोरगी रडायला लागली. आशाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मी परत येईपर्यंत तुझी मस्टँग कॉलनीच्या मैदानात बैलांच्या रांगेत उभी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, टपावर हळदीची बोटं, बंपरला सोनेरी बेगड, पाठीवर जरीच्या काठाची झूल. नाकाला दोरी. परीक्षकांनी विचारलं, "हा कोणता बैल बाई?" तर ती म्हणाली, "अमेरिकेचा गोऱ्हा." तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मग तीच गाडी घेऊन पोरगी घरोघरी बोजारा मागत फिरली आणि चॉकलेटांनी फ्रॉकचा ओचा भरून आली.

मी आशाबाईंना बोलायला गेले, तर त्याच मला म्हणाल्या, "तुमी त्याले न्हाऊ-माखू घालून ओट्यावर उभं केलं होतं, मले वाटलं पोयासाठीच हाये. पांढरं हाये, चार चाकं हायेत, दोरी बांधता येते. बैलात आनखी काय असते?" मी गाडी घेऊन घरी आले.

हळद रंगात मुरली आहे, कुंकूही. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर गुलाबी झालं. तुझं पुण्याला जाणं माझ्यामुळे लांबलं, दादा. मला खरंच वाईट वाटतंय.

रागिणी


अकोला
२८ ऑगस्ट २०२५

रागिणी,

वाईट झालं. फार वाईट झालं.

पण तू मनाले लावून घेऊ नको. अन् आशाबाईंले एक शब्द बोलू नको. त्यांले माझा नमस्कार सांग अन् म्हण, पुढच्या वर्षीही काही लागलं तर सांगा. पोरीले बक्षीस मिळालं हे महत्त्वाचं. आता तो सगळा रंग उतरवायचा म्हणजे महिना गेला. परत चढवायचा म्हणजे दिवाळी गेली. मी तसं प्रतीक्षाले लगेच कळवलं. तू हात लावायची घाई करू नको. आधी नीट विचार कर. दोन-चार आठवडे विचारच कर.

किसनरावांकडे गणपती बसले. आरतीले मीच टाळ धरतो. काय म्हणून राहिले ते ऐकू येत नाही, पण त्यांच्या तोंडांकडे पाहून वाजवतो, अन् चुकत नाही. सत्यभामावहिनी, म्हणजे किसनरावांच्या घरच्या, म्हणतात, "भाऊ नसले तं आरती लंगडते." सहज आठवलं म्हणून लिहिलं.

आज बाजारातून श्रीखंड आणून खाल्लं. कारण काही नाही.

गजेंद्र


अमरावती
१२ सप्टेंबर २०२५

गजूदादा,

तुझं मन फार मोठं आहे. एवढं नुकसान झालं आणि एका शब्दाने रागावला नाहीस. ते पत्र वाचून मला इतकं ओशाळं झालं की त्याच दिवशी कामाला लागले.

सगळा रंग उतरवायची गरजच पडली नाही. टपावरची हळद घासून एक हात दिला, गेली. बॉनेटचं कुंकू मात्र हटेना. मग लक्षात आलं, या जातीच्या अमेरिकन गाड्यांना नाकापासून शेपटीपर्यंत दोन जाड पट्टे असतातच. कुंकवावरूनच लाल पट्टे ओढले. आशाबाई म्हणाल्या, "पाहा, मी सुरुवात करून देल्ती." काच बसवली, आरसे बसवले, नंबर प्लेटचं कागदी चित्र पाण्यात भिजवून चिकटवलं. आता तुझ्याकडे फक्त बॉडी आणि खालचा सांगाडा जोडायचं काम उरलं. दसऱ्यापर्यंत सहज होईल. दिवाळी पुण्यात कर, मुलांमध्ये.

डबा पाठवायला थोडा उशीर झाला. देवमन रोज संध्याकाळी विचारून जात होता, पण पट्ट्यांचा रंग ओला होता. लाल रंगाला वेळ लागतो वाळायला.

माझी काळजी करू नकोस. मला इथे पुष्कळ उद्योग आहेत.

रागिणी


अकोला
४ ऑक्टोबर २०२५

रागिणी,

जोडणी करत आणली होती. एका संध्याकाळचं काम राहिलं होतं. पण मधात दसरा आला.

दसऱ्याले गाडीची पूजा होत नाही असं आपल्याकडे घर आहे का? सत्यभामावहिनींनी झेंडूचा हार केला. गाडीपेक्षा हार मोठा झाला, म्हणून गाडीच हारात ठेवली. मी गंध लावलं, आपट्याचं पान ठेवलं. अन् नवी गाडी म्हटली की चाकाखाली लिंबू आलंच. मी लिंबू ठेवलं अन् गाडी पुढे लोटली. लिंबू फुटेना. थोडं दाबलं. मग आणखी थोडं दाबलं. मागचा अॅक्सल मोडला अन् एक चाक वहिनींच्या आरतीच्या ताटात जाऊन पडलं.

अॅक्सल काही आपल्याकडे मिळत नाही. अमेरिकेवरून मागवावा लागीन. किती दिवस लागतील सांगता येत नाही. मोडलेला भाग पाहायले पाठवतो. दुरुस्त होण्यासारखा नाही, उगा प्रयत्न करू नको.

गजेंद्र


अमरावती
७ ऑक्टोबर २०२५

गजूदादा,

एकास पंचवीसच्या गाडीखाली एकास एकचं लिंबू? खऱ्या रस्त्यावर ते लिंबू तुझ्या कमरेला लागलं असतं. आणि तू इंजिनिअर.

मी हसले, आणि मग तुझी सगळी पत्रं काढून ओळीने वाचली. इंजिन "लवकर पोचलं". सीटा उलट्या. अमेरिकेची हवा. श्रीखंड. मी किती ढ आहे, दादा. तुला जायचंच नाही. तू मला सगळ्यात हळू काम करणारी बाई म्हणून निवडलंस, आणि मी वेडी ड्रायर घेऊन तुझा मुक्काम हलवत बसले.

आता माझंही ऐक. मला वाटलं, तुला मुलीकडे जायची ओढ लागली आहे आणि हात साथ देत नाहीत. म्हणून घाई केली. पण एक कबूल करते, तो लाल रंग दुसऱ्या दिवशीच वाळला होता. गाडी माझ्या टेबलावर तयार होती आणि मी देवमनला रोज ओली आहे म्हणून परत पाठवत होते. आपल्या लहानपणचं जाणणारं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय मला?

पण म्हणून ही गाडी मी मोडकी ठेवणार नाही. विणायच्या बारीक सुईचा तुकडा कापून अॅक्सल केला आहे, सोबत आहे. बसवून टाक. लिंबाच्या आणि पावसाळी हवेच्या मागे लपून मुलीजवळून एकेक महिना काढून घेणं तुला शोभत नाही. दिवाळीला ती आली की गाडी समोर ठेव आणि तोंडाने सांग, मला अकोल्यातच राहायचं आहे.

आणि कपाटातलं मशीन आधी कानात घाल. दूध जळालं होतं, दादा. त्या पोरीला स्वप्न नव्हतं पडलं. तू बहिरा राहून एकटा राहणार असशील, तर मीच तुझी बॅग भरायला येते.

रागिणी


अकोला
१२ ऑक्टोबर २०२५

रागिणी,

मले वाटून राहिलं होतं, तुलेच वाटते मी पुण्याले जावं. म्हटलं, बाई इतकी जीव तोडून घाई करून राहिली, तं तिलेही माझी काळजी जड झाली असंन. आपण दोघंही नग आहो.

मशीन काल लावलं. पंख्याचा एवढा आवाज येते? इतकी वर्षं मी याच्याखाली झोपून राहिलो. पाली बोलतात. फ्रीज बोलते. भिंतीपलीकडून सत्यभामावहिनी किसनरावांले सांगत होत्या, "भाऊंनं लिंबू मुद्दाम दाबलं, मी पायलं." म्हणजे हे सगळ्यांले माहीत होतं.

अॅक्सल बसला. गाडी सरळ धावते. पण प्रतीक्षाले नाही म्हणायचं मले जमन असं वाटत नाही. तिची आई गेली तेव्हापासून मी तिले कशालेच नाही म्हटलं नाही.

गजेंद्र


अमरावती
१५ ऑक्टोबर २०२५

गजूदादा,

मग नाही म्हणू नकोस. तुला काय पाहिजे ते सांग. ती तुझी मुलगी आहे, एवढं तिला पेलेल.

रागिणी


अकोला
२७ ऑक्टोबर २०२५

रागिणी,

भाऊबीजेले येणं झालं नाही, प्रतीक्षा अन् मनोजराव इथंच होते. रविवारी येतो, पुरणाची पोळी कर.

प्रतीक्षा आली तेव्हा मस्टँग टेबलावर होती, पुरी झालेली. तिनं बॉनेट उघडलं, इंजिनाकडे पाहत राहिली. म्हणे, "बाबा, हे तुमी केलं?" मी म्हटलं, "इंजिन तुझ्या रागिणी आत्याचं, पट्टे आशाबाईंच्या पोळ्याचे, अॅक्सल विणायच्या सुईचा. मी सीटा उलट्या बसवल्या." मनोजराव हसले. ती नाही हसली. मग मी एका दमात सांगून टाकलं, की गाडी झाली, वचन दिलं होतं हेही खरं, पण मले इथून जायचं नाही.

"मग वचन कावून देलं?" म्हणे.

"तू रडून राहिली होती म्हणून."

ती उठली अन् तशीच बाहेर गेली. दार लावून घेतलं. मले वाटलं, गेली पोरगी रुसून. तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडलं तं तीच उभी. माझ्याकडे पाहिलं, दार ओढून परत गेली. मी बसलो न बसलो तं परत बेल. परत उघडलं. तिसऱ्यांदा किसनराव अन् वहिनी तमाशा पाहायले अंगणात येऊन उभे. मग ती स्वयंपाकघरात गेली, अन् माझ्याकडे पाठ करून अगदी हळू म्हणे, "बाबा, दूध उतू चाललं." मी पळत गेलो. गॅसवर पातेलंच नव्हतं. ती ओट्याले टेकून उभी होती, डोळे पुसून राहिली होती अन् हसून राहिली होती.

तर ठरलं असं. गॅस आपोआप बंद होते असं एक यंत्र मनोजरावांनी बसवलं. घराची एक चावी किसनरावांकडे. मशीन दिवसभर कानात. एवढं पाळलं तं मी इथं राहणार. उन्हाळ्यात मात्र पुण्याले जायचंच, अन् मे महिन्यात अकोल्यातून जायले मी कशाले नाही म्हणतो.

तरी पोरीचं तोंड जरा उतरलेलंच होतं. निघताना म्हणे, "बाबाले न्यायले आली होती, रिकाम्या हातानं जाऊ का?" अन् मस्टँग उचलली. तुले न विचारता मी देऊन टाकली. मांडीवर घेऊन जाते म्हणे, सामानात नाही ठेवत.

स्टेशनवर मी सोडायले गेलो. रेल्वे हलली, फलाटावर सगळा कल्लोळ, अन् ती खोकं छातीशी धरून डब्याच्या दारात उभी. तिथून ओरडली, "बाबा, ते मशीन निस्तं आंघोळीच्या टायमालेच काढजा, नाही तं मी उलट्या पावली येते." एकूण एक शब्द मले ऐकू आला.

मी कानाले हात लावून मान हलवली, काहीच ऐकू येत नाही म्हणून.

गजेंद्र